दळायला देवच का लागतो?

गंगाखेडची जनाबाई आम्हा परभणीकरांना शाळेतच भेटते. दळण, कांडण, शेण वेचणं. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनीच्या अभंगांत राबण्याची अख्खी यादी आहे आणि त्या कामांना विठ्ठल हात लावतो. आपण याला भक्ती म्हणतो. मला त्यात तक्रारही ऐकू येते: भरल्या घरातलं कुणी जात्याशी बसत नाही, म्हणून देवाला यावं लागतं.

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७.

मी पुण्याहून दरमहा पैसे पाठवतो. गावात म्हणतात, पोरगा घर चालवतो. दिवाळीत पहाटे पाणी आईनंच तापवलं. मी अंथरुणात लोळत मोबाईलवर जनीचे अभंग ऐकत होतो.