परमुलखातली कारभारीण

राणीचे चरित्र हाती आले, की मी प्रथम पाहतो ते हे, की लिहिणारा कोणाच्या ओसरीवर बसला आहे. कोरियातील गोर्यो राजवटीचा 139 भागांचा इतिहास, ‘गोर्योसा’, सिद्ध झाला 1451 साली. म्हणजे ती राजवट जाऊन गादीवर आलेल्या जोसॉन घराण्याच्या छत्राखाली. त्यातील दॉकन्यंग राणीच्या चित्रणाबद्दल माझी तक्रार आहे.

ही मूळची मंगोल राजकन्या. कुब्लाईखानाने 1274 साली आपली लेक कोरियाच्या युवराजाला दिली, तेव्हापासून अशा सोयरिकी रूढच झाल्या होत्या. 1330 साली हिचे लग्न चुंगह्ये राजाशी झाले. नवरा निघाला उनाड आणि जुलमी. 1343 साली तिच्या माहेरच्याच दरबाराने त्याला पदच्युत केले. हद्दपारीच्या वाटेवर 1344 साली तो वारला. गादीवर बसला कोरियन गणनेने आठ वर्षांचा चुंगमोक, आणि कारभार आला आईच्या हाती.

आता ग्रंथकारांचा रोख पाहा. विधवा राणीच्या मर्जीतले दरबारी कोण, त्यांच्याशी तिचे नाव कसे जोडले गेले, हे त्यांना नमूद करावेसे वाटते. उलट 1347 साली बड्यांनी बळकावलेल्या जमिनींच्या चौकशीसाठी खास कचेरी निघाली, ती मात्र बालराजाच्या कारकिर्दीत जमा होते! सारे श्रेय राणीचेच, असे मी म्हणत नाही. युआन बादशहाची त्या कामाला संमती होती. पण दोष तेवढे आईचे आणि कामे तेवढी मुलाची, ही वाटणी न्यायाची नव्हे.

ती चौकशी फसली, तीही एका स्त्रीच्या गोतावळ्यापायी. सम्राज्ञी की हिचा एक नातलग कैदेत मेला आणि काम ढेपाळले. ही की कोरियाची लेक, मंगोलांच्या घरात दिलेली! दोघी परमुलखात सत्तेवर बसलेल्या. दोघींचे खरे बळ सासरी की माहेरी, हा प्रश्न इतिहासकाराने विचारायला हवा होता.

चुंगमोक बालवयातच गेला. सवतीचा मुलगा गादीवर आला, तोही 1351 साली पदच्युत झाला. 1368 साली माहेरची सत्ता चीनमधून उठली. दॉकन्यंग 1375 पर्यंत जगली. नवरा, मुलगा, माहेरचे राज्य, सारे तिच्या डोळ्यांदेखत गेले. त्याबद्दल ग्रंथात तिच्या तोंडचा शब्द शोधू जाल, तर हाती काही लागत नाही. तेव्हा वाचकांनी हा थोर ग्रंथ अवश्य वाचावा, पण राणीबद्दलचा निकाल मात्र त्याच्याकडून उसना घेऊ नये.