परवानगी कुणाची? एका आकड्याचं वाचन

आज आम्ही एकच आकडा वाचणार आहोत. ५०. अमेरिकेतल्या ओशा या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये नियम केला की कामगाराच्या श्वासातल्या हवेत, आठ तासांची सरासरी धरून, दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त स्फटिकी सिलिका नसावी. दगड कापताना, काँक्रीट फोडताना उडणारी ही धूळ. तिचे घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही.

जुन्या नियमापेक्षा हा नक्कीच बरा. आधी कारखान्यांत साधारण १०० चालत, बांधकामावर तर २५० च्या आसपास. आणि ५० ची शिफारस निऑश या तिथल्याच संशोधन संस्थेने केली होती १९७४ मध्ये! मधली ४२ वर्षं कुणाच्या छातीत गेली, ते विचारायला हवं.

पण आमचं खरं भांडण शब्दाशी आहे. नियम या आकड्याला 'अनुज्ञेय' म्हणतो. अनुज्ञा म्हणजे परवानगी. ती दिली कुणी? १९७० चा मूळ कायदा म्हणतो, कोणत्याही कामगाराच्या आरोग्याची गंभीर हानी होऊ नये; पण त्याच वाक्यात 'शक्य असेल तितपत' असंही आहे. सगळा निकाल या तीन शब्दांत लागतो. ओशाने हे लपवलेलं नाही, हे मान्य करू. ५० वर आयुष्यभर काम केलं तरी लक्षणीय धोका उरतोच, असं तिनेच लिहिलंय; त्याखाली उतरणं बहुतेक कामांत जमणारं नाही, म्हणून ती तिथे थांबली. म्हणजे पाणी मारून, धूळ शोषून यंत्रं जिथवर पोचतात, तो हा आकडा. फुफ्फुसाला तो कुणी विचारलेलाच नाही. आणि आपण मराठीत त्याला बिनदिक्कत 'सुरक्षित पातळी' म्हणतो!

आपल्या १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तर सूत्रच होतं: १० भागिले, क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. उत्तर मिलिग्रॅममध्ये. निव्वळ क्वार्ट्झ असेल तर हिशेब पुन्हा १०० मायक्रोग्रॅमच्या जवळ येई. म्हणजे अमेरिकेने मागे टाकलेल्या जागी. दगडफोडीच्या कारखान्यातली बाई हा भागाकार कधी करणार होती?

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी वापरतात त्या कृत्रिम दगडात सिलिका कमी केली तरी तो सुरक्षित होतो, याला पुरावा नाही, असं तिथल्या तज्ज्ञ संस्थेने सांगितलं. १ जुलै २०२४ पासून त्यांनी आकड्याची घासाघीस सोडून तो दगडच बंद केला.