दान, आत्मा आणि बीजांड

काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ या कादंबरीबद्दल आपल्याकडे जे थोडेफार बोलले जाते ते एक करुण प्रेमकथा म्हणून. कॅथी, टॉमी आणि रूथ हेलशम नावाच्या निवासी शाळेत वाढतात. मोठेपणी त्यांचे अवयव एकेक करून काढून घेतले जातात आणि ती मरतात. ती क्लोन आहेत, त्यासाठीच जन्माला घातलेली. करुण आहेच. पण कारुण्यापाशी थांबणारी समीक्षा ही प्रस्थापितांच्या सोयीची समीक्षा होय.

कादंबरी 2005 साली आली, तेव्हा बाहेर मूलपेशींचा वाद पेटलेला होता. 1998 मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रथम वेगळ्या करून वाढवल्या. शरीरातील कोणतीही पेशी होऊ शकेल अशी ही पेशी; ती मिळवताना काही दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. मग प्रश्न सुरू झाले. भ्रूणाला आत्मा असतो काय? तो माणूस केव्हा होतो? 9 ऑगस्ट 2001 रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की, तोवर तयार झालेल्या पेशींवरील संशोधनालाच संघराज्याचा पैसा मिळेल. मार्च 2009 मध्ये ओबामांनी ते बंधन उठवले. चर्च एका बाजूला, विज्ञान दुसऱ्या, अशी ही मांडणी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये आत्मा साफ नाकारला आहे; तेव्हा त्या पारड्यात आपण काही टाकण्याचे कारण नाही. पण म्हणून मुकाट्याने प्रयोगशाळेच्या बाजूला जाऊन उभे राहायचे काय? बीजांड स्त्रीच्या पोटातून येते. ती स्त्री कोण?

याचे उत्तर त्याच 2005 साली दक्षिण कोरियात मिळाले. थॉमसन यांनी वंध्यत्वावरील उपचारांत तयार झालेले, जोडप्यांनी दिलेले भ्रूण वापरले होते. ह्वांग वू-सुक यांना क्लोनिंगसाठी बीजांडेच हवी होती. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूलपेशी मिळवल्याचे त्यांचे दोन्ही निबंध खोटे निघाले; जानेवारी 2006 मध्ये ‘सायन्स’ने ते मागे घेतले. जगाने या खोटेपणाची चर्चा केली. पण निबंधांत मिळून 427 बीजांडे दाखवली होती आणि चौकशीत दोन हजारांहून अधिक निघाली, शंभराहून अधिक स्त्रियांची. काहींना पैसे दिले होते. दोघी तर त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक होत्या. बीजांडे काढण्यासाठी कित्येक दिवस हार्मोनची इंजेक्शने घ्यावी लागतात, मग सुई घालून ती ओढून घेतात. कुणाच्या पोटात पाणी साठते, क्वचित जिवावर बेतते. हाताखालची मुलगी साहेबाला नाही कसे म्हणणार? येसकराची काठी ‘मान’ म्हणून वागवणाऱ्यांच्या घरात जे वाढले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि या सगळ्याला शब्द काय, तर दान! प्रकरण बाहेर आल्यावरही शेकडो कोरियन स्त्रिया देशासाठी बीजांडे द्यायला पुढे आल्या. इशिगुरोंच्या कादंबरीतही अवयव काढणे हे ‘दान’ आहे, आणि मरणे म्हणजे ‘पूर्ण होणे’. कादंबरीचे खरे सामर्थ्य मला या भाषेत दिसते. आपल्याकडील 2021च्या कायद्याने बीजांडांची विक्री बंद केली, स्त्रीने आयुष्यात एकदाच द्यावे, सातांहून अधिक काढू नयेत, असे ठरवले. ठीकच केले. शब्द मात्र तोच राहिला.

हेलशमच्या संचालिका मिस एमिली मुलांची चित्रे गोळा करून प्रदर्शने भरवतात. कशासाठी? यांनाही आत्मा आहे हे बड्या लोकांना पटावे म्हणून. आणि ती चित्रे नेणारी मादाम? मुले जवळ आली की कोळी पाहावा तशी शहारते. हा स्पर्शाचा विटाळ आपल्या ओळखीचा आहे. ओळखीचे आणखीही काही आहे. दलित साहित्याच्या दारात उभे राहून यात कला आहे काय, असे विचारणारे मिस एमिलीचेच सगेसोयरे. माणूस असल्याचा दाखला चित्र काढून का द्यावा? आश्रय देणाऱ्यांचा पैसा आटतो तेव्हा हेलशम बंद पडते, आणि उरलेल्या क्लोनांचे काय होते हे बाईंना फारसे विचारवत नाही.

वर्गात ही कादंबरी शिकवताना मागे बसणाऱ्या एका मुलीने विचारले, ‘सर, ही पळून का जात नाहीत?’ मी म्हणालो, त्यांना नकाराचा शब्दच कोणी शिकवला नाही. सत्य सांगू पाहणाऱ्या मिस लूसींना शाळेतून जावे लागते. तिचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झालेले नाही. पण विद्रोह दाखवला नाही हा दोष मी धरत नाही. दोष वेगळा आहे.

नॉरफोकच्या सहलीत रूथ एकदाच चिडून बोलते, की आपण ज्यांच्यावरून बनलो ती माणसे ऑफिसांतली नव्हेत, ती गटारातली: वेश्या, दारुडे, कैदी. इतर गप्प होतात. पुस्तकही जवळजवळ गप्प होते. क्लोन ज्या बीजांडांतून आले ती देणारी, त्यांना पोटात वाढवणारी स्त्री तीनशेच्या आसपास पानांत कुठेच येत नाही. जणू ही मुले कपाटात तयार झाली. कॅथी मात्र अश्लील मासिके एकेक पान उलटून चाळत असते, त्यातल्या कुठल्यातरी बाईचा चेहरा आपल्यासारखा असेल म्हणून. तिला तो सापडत नाही, आणि इशिगुरो तिच्याबरोबर पुढे शोधायला जात नाहीत.