सज्ञान रास्कोल्निकोव्ह

अठरा वर्षे भरली की आपल्याकडे कायदा माणसाला सज्ञान मानतो. दोस्तोयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) मधला रास्कोल्निकोव्ह २३ वर्षांचा, बुद्धिमान, गुन्ह्यावर लेख लिहिणारा. तो सावकारीण म्हातारीला मारतो, अवचित आलेल्या तिच्या गरीब सावत्र बहिणीला, लिझाव्हेतालाही. म्हातारी त्याच्या डोक्यातून जात नाही. लिझाव्हेता क्वचितच आठवते. त्याची अपरिपक्वता आम्हाला इथे दिसते. अक्कल आहे, दुसऱ्याच्या जिवाची जाण नाही. आजारपण, कबुली, पूर्वीची सत्कृत्ये पाहून न्यायालय आठच वर्षे सक्तमजुरी देते. ते योग्यच. पण सायबेरियात त्याच्या उशाखालचा 'नवा करार' मुळात लिझाव्हेताचा. लेखक तिथे तिचे नाव घेत नाही. हे आम्हाला खटकते. शिक्षा कमी व्हावी, मेलेल्याचा विसर पडू नये.