पागेच्या वास्तूची ओळख

लांबट वास्तु, ओळीनें कमानी, मागची भिंत बंद. एवढें दिसलें कीं ती पागा, आणि कमान उंच असली तर गजशाला, असा निर्णय देण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. फत्तेपूर शिक्री येथें बिरबलाच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या घराशेजारची कोठड्यांची ओळ अशीच तबेला ठरली. पुढें ती परिचारिकांची वसति असावी असें अभ्यासकांनीं सुचविलें. विजयनगरच्या अकरा दालनांच्या 'गजशाले'चें नांव मात्र निर्वेध चालत आलें आहे. त्या वास्तूचें सौंदर्य वादातीत आहे. मधल्या दालनाच्या दोहों बाजूंस घुमटांचे प्रकार जोडीजोडीनें साधले आहेत. परंतु घुमटाची हत्तीस काय मातब्बरी?

शास्त्र काय सांगतें तें पाहूं. कौटिल्याचें अर्थशास्त्र 1909 सालीं छापून निघालें, तेव्हांपासून त्यांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरण सर्वांस सुलभ आहे. शालेची रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट, चार दारें, मध्यें घोड्यांस लोळण्यास मोकळी जागा, प्रत्येकाचें ठाण त्याच्या लांबीएवढें चौरस, खालीं गुळगुळीत फळ्या, पुढें गव्हाण, आणि मलमूत्र बाहेर जाण्यास वाट. वानर, मोर, मुंगूस, मैना यांचीहि सोबत सांगितली आहे. छताच्या घाटाविषयीं अक्षर नाहीं. तोंड पूर्वेस वा उत्तरेस असावें. गजशालेसहि हाच नियम. विजयनगरची वास्तु पश्चिमाभिमुख आहे. दीड हजार वर्षांनंतरचा स्थपति हा नियम पाळीलच असें नाहीं, म्हणून एवढ्यावरून तिचें नांव खोडतां येणार नाहीं. परंतु तें सिद्ध करण्याचा भार नांव घेणारावरच राहतो.

महाराष्ट्रांत तर प्रश्न निराळाच आहे. कृष्णाजी अनंत सभासद शिवछत्रपतींच्या लष्कराची व्यवस्था सांगतांना लिहितो कीं, पावसाळ्याच्या छावणींत घोड्यांस व माणसांस घरें गवतानें शाकारलेलीं असत. दसरा होतांच लष्कर बाहेर पडे. चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदारांस महाराजांनीं धाडलेलें पत्र सर्वांस ठाऊक आहे. दाणा-वैरण बेतानें वापरा, विस्तव जपा, नाहींतर उंदीर जळती वात नेईल आणि गवत पेटून घोडीं मरतील, अशी त्यांत ताकीद आहे. प्रजेविषयींच्या कळवळ्याकरितां हें पत्र वाचतात, तें योग्यच. आम्ही तें स्थापत्याचें साधन म्हणूनहि वाचावें असें म्हणतों. (पंचतंत्रांतहि पेटलेला मेंढा अश्वशालेंत शिरतो आणि तेथील गवताचा भडका होतो, भय जुनेंच.) ज्या पागांवर राज्य उभें राहिलें त्या वासे, कूड आणि गवत यांच्या होत्या. तेव्हां गडावरील प्रत्येक दगडी ओळीस शिवकालीन पागा म्हणणारानें आधी या दोन साधनांस उत्तर द्यावें.

बिडकीन-पैठणचा मुलूख घोडदळांच्या वाटेवरचा. 1728 ची पालखेडची मोहीम याच टापूंत झाली. येथें कमानी शोधणारास कांहीं मिळणार नाहीं. शोधावयाचें तें जमिनींत आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्राकरितां येथील पुष्कळ शेतजमीन संपादन झाली आहे, आणि रस्ता आंखतांना बिनकमानीचें जोतें कोणी वास्तु म्हणून नोंदीत नाहीं. असें जोतें उकरण्यापूर्वीं आगाडी-पिछाडीच्या खुंट्यांचीं भोकें आहेत काय, त्यांमधील अंतर घोड्याच्या लांबीशीं जुळतें काय, आणि फरसबंदीचा उतार कोणत्या मोरीकडे जातो, एवढें तरी मोजून ठेवावें.