सोंगाड्याची बाजू

वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द आपल्या समीक्षेत इतके रुळले आहेत की त्यांतला एक उच्चारला की पुढचे वाक्य वाचक स्वतःच पूर्ण करतो. त्या शब्दांचे मोल मी कमी लेखत नाही. ते रक्त सांडून मिळालेले शब्द आहेत. पण दलित रंगभूमीचा सारा विचार त्या तिघांतच उरकायचा ठरवला, की एक मोठा ऐवज हिशेबाबाहेर राहतो. तो म्हणजे आमचे हसू. आमची माणसे जेवढी रडली तेवढीच हसलीही आहेत. वस्तीच्या पारावर, उसाच्या फडात, कोपीपुढच्या चुलीजवळ ती मालकाची नक्कल करून हसली आहेत. हे हसू आमच्या नाटकात किती उतरले, हा प्रश्न समीक्षकांनी फारसा विचारलेला नाही.

धारूरला हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वस्तीतली पोरे जयंतीसाठी अर्ध्या-पाऊण तासाचे विनोदी नाटक बसवायला निघाली, की पहिला विरोध घरातून होतो. म्हातारी माणसे विचारतात, छप्पन साली बाबासाहेबांनी धम्म दिला, त्या वेळी आम्ही हलगी टाकली, जोगवा टाकला, तमाशा टाकला. आता तुम्ही पुन्हा तोंडाला रंग फासून सोंगे आणणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हलगी ही आमच्यासाठी केवळ कला कधीच नव्हती. ते गावकीने गळ्यात अडकवलेले काम होते. फडावरच्या सोंगाड्यानेही गावाला हसवले, पण पुष्कळदा स्वतःला हसण्याची वस्तू करून. पुढे शहरी रंगभूमीवर तेच घडले. आमची बोली तिथे बरीच वर्षे घरगड्याच्या तोंडी राहिली. त्याने 'न' आणि 'ण' यांची अदलाबदल केली, की पांढरपेशा प्रेक्षागृहात हशा ठरलेला. म्हाताऱ्यांना त्या हशाचा अर्थ कळतो म्हणून ते अडवतात. तेव्हा विनोद असावा की नसावा हा वाद नाहीच. सोंगाड्या कुणाच्या बाजूने उभा आहे, एवढेच पाहायचे आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर जोतीरावांनी १८५५ साली देऊन ठेवले आहे. 'तृतीय रत्न' हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले, कमिटीने ते नाकारले, आणि ते छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. म्हणजे सव्वाशे वर्षे मराठी नाट्यसमीक्षेचा कारभार या नाटकावाचून बिनबोभाट चालला! गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिच्या घरातले किडूकमिडूक कसे काढून नेतो, याची ती कथा. तिच्यात विदूषक आहे. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण, लाडवांना हपापलेला आणि राजाचा आश्रित. जोतीरावांनी त्याला तिथून उचलला आणि जोशाच्या डोक्यावर आणून बसवला. जोशी एक लबाडी करतो आणि विदूषक प्रेक्षकांकडे वळून तिची साल काढतो. लाडू खाणारे पात्र आता लाडवांचा हिशेब मागू लागले. नाटक म्हणून या कृतीत कच्चेपणा आहे. पाद्र्याचे बोलणे लांबते, आणि नवराबायको शेवटी रात्रीच्या शाळेत जायला निघतात तो भाग उपदेशाच्या अंगाने जातो. पण विदूषकाची बाजू बदलण्याचे काम या एका नाटकाने केले, आणि तेवढ्यासाठी मी त्याला मराठी विनोदाच्या इतिहासात पुढची जागा देईन.

सत्यशोधक जलशांतून ही वाट आंबेडकरी जलशांकडे आली. १९३० नंतरच्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी जो जलसा उभा केला, त्याची हकीकत कर्डकांनीच 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तमाशातली गवळण त्यांनी काढून टाकली. कृष्ण आणि मावशी यांना तिथे काम उरले नाही. त्यांच्या जागी देवळाचा प्रश्न आला, शाळेचा आला, मेलेल्या ढोराच्या मांसाचा आणि वतनाचा आला. जलशातल्या फार्साची ठेवण साधी असते. एक जुन्या वळणाचा गडी आणि एक सभा ऐकून आलेला गडी. जुना अडतो, नवा समजावतो, अडण्यातून हशा पिकतो आणि समजावण्यातून विचार पेरला जातो. कागदावर वाचताना हे फार्स पातळ वाटतात. वाटणारच, कारण त्यांचे निम्मे अंग प्रेक्षकांत होते. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. या फार्सात हसू येते ते आपल्याच अडाणी भावावर. आपल्या माणसांपुढे, आपल्या तोंडून, त्याला पुढे ओढण्यासाठी आलेले ते हसू आहे, म्हणून ते पवित्र आहे. पण शब्दही न बदलता तोच फार्स पाटलाच्या वाड्यापुढे केला असता तर? हसणारा बदलताच विनोदाची जात बदलते. एकांकिकांच्या स्पर्धेला परीक्षकांपुढे आपली वस्ती मांडताना आजच्या पोरांनी हे ध्यानात धरले पाहिजे. वस्तीतल्या दारूड्यावर तिथे पडणारी टाळी मला संशयास्पद वाटते.

हसण्याची ही दिशा निःसंशयपणे वर वळवली ती अण्णाभाऊ साठ्यांनी. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. त्यांतले अमर शेख बार्शीचे, म्हणजे आमच्या बालाघाटाच्या शेजारचेच. अण्णाभाऊ ज्या कामगारवस्तीत राहत तिच्यासाठीच लिहीत, आणि वस्तीतल्याच माणसांपुढे करून दाखवत. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही नावेच पाहा. नाव ऐकले की कोण हसणार आणि कोण चिडणार हे कळते. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले, आणि सोंगाड्या पहिल्यांदा शेटजीच्या पेढीवर जाऊन बसला. सरकारला हे झोंबले. तमाशावर बंदी आली, तेव्हा त्याच ऐवजाला 'लोकनाट्य' हे नाव मिळाले, असे सांगतात. आमच्या साहित्यचर्चेत 'फकिरा'ची पारायणे होतात. २ मार्च १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनातले अण्णाभाऊंचे उद्घाटनाचे भाषणही पाठ असते. ही लोकनाट्ये मात्र यादीतली नावे होऊन राहिली आहेत. कादंबरी तेवढी साहित्य आणि हसवणारा वग म्हणजे प्रचार, ही प्रतवारी प्रस्थापितांची आहे. ती आपणही निमूटपणे का उचलली?

ही लोकनाट्ये निर्दोष आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. वर्ग त्यांत ठसठशीत दिसतो, जात पुष्कळदा दाराबाहेर उभी राहते. शेवटही पुष्कळदा नाटकाचा न राहता सभेचा होतो. ज्या बारकाईने शेटजी रंगवला, त्या बारकाईने एकीचा विजय रंगवलेला नसतो. तो जाहीर केलेला असतो. गिरणी कामगाराला तो पटत असेल, कारण त्याच्या पाठीशी युनियन होती. उसाच्या फडात तो तसाच्या तसा चालणार नाही.

जात आणि विनोद यांची गाठ मराठवाड्याच्याच मातीत कशी बांधता येते, हे आपण अलीकडे पाहिले आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे हे शेतकरी लेखक. चोरीच्या विजेचा 'आकडा' त्यांनी गावच्या पोरांना घेऊन रंगभूमीवर आणला. मग २०१२ साली संभाजी भगतांची कल्पना, तांगड्यांची लेखणी आणि नंदू माधव यांचे दिग्दर्शन यांतून 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आले. यम शिवाजीच्या शोधात पृथ्वीवर येतो, आणि शिवाजी नेमका कुणाचा यावर भीमनगरात सवाल-जवाब रंगतो. नट खेड्यातले होते. बोली घरगड्याची नव्हती, नाटकाच्या धन्याची होती. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक हसला, पण या खेपेस बोलीला हसला नाही. त्या बोलीने त्याला दाखवलेल्या त्याच्याच तोंडवळ्याला हसला. जलशातला सवाल-जवाब, अण्णाभाऊंचा वरच्यावर रोखलेला विनोद आणि जोतीरावांचा विदूषक हे तिघे इथे एका फडावर भेटतात. दुसऱ्या अर्ध्यात बोलण्याचे ओझे वाढते ही माझी तक्रार आहे, तरी या नाटकाशेजारी उभे राहील असे दुसरे नाव मला चटकन सुचत नाही.

मग धारूरने काय करावे? आमच्याकडचा विषय समोर पडलेला आहे. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाडे ट्रकांत बसून कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. १४ एप्रिलच्या जयंतीला निम्मा प्रेक्षक अजून कोपीवर असतो. म्हणून माझा आग्रह १ ऑगस्टचा आहे. त्या दिवशी अण्णाभाऊंची जयंतीही असते आणि माणसेही घरी असतात. डी.जे.च्या भाड्याच्या निम्म्या पैशात दोन पेट्रोमॅक्सचे, नाहीतर दोन हॅलोजनचे नाटक उभे राहते.

आणि विनोद कुठून आणायचा? तो भाषेतच आहे. नवरा आणि बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' होतो. दोन जिवांचे लग्न लागते आणि एक हत्यार तयार होते, याहून कडवा विनोद कोणत्या नाटककाराला सुचला असता! मुकादमाच्या वहीवरच अर्ध्या तासाचा फार्स उभा राहील. वर उचल लिहिलेली, खाली खाडे. बाई बाळंत झाली, खाडा. पोर तापाने फणफणले, खाडा. हंगामभर राबून शेवटी बेरीज वाचली जाते, तेव्हा कामगारच देणेकरी निघतो, आणि ते देणे फेडण्यासाठी पुढच्या वर्षीची उचल घेतो. यात एकही शब्द पदरचा घालावा लागत नाही. मुकादमाने वही वाचायची, आणि सोंगाड्याने बोटांवर मोजत मध्येमध्ये फक्त 'बरोबर' म्हणायचे.

अडचण एकच आहे, आणि ती जोतीरावांना नव्हती, अण्णाभाऊंनाही या रूपात नव्हती. मुकादम पुष्कळदा आपल्यातलाच असतो; कुणाचा चुलता, कुणाचा मेहुणा. नाटकाला तो येणार, पुढच्या रांगेत बसणार, आणि दसऱ्याला उचल त्याच्याच हातून यायची आहे. त्याला खलनायक केले तर कारखानदार पडद्याआड सुखरूप राहतो, आणि वगळले तर नाटक खोटे पडते. मला वाटते, वही त्याच्याच हाती ठेवावी, पण ती वाचताना आपल्यावर कारखान्याची किती उचल आहे हेही त्याला मोठ्याने वाचायला लावावे. तो आकडा ऐकून पुढच्या रांगेतला माणूस हसतो की उठून जातो, हे १ ऑगस्टच्या रात्रीच कळेल.