टिकणारा आणि राखणारा

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात युसूफ वडगाव नावाचे गाव आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेथे माझ्या एका शिक्षकमित्राकडे चार दिवस मुक्कामाला होतो. दुपारी बाहेर पडण्याची सोय नव्हती. आठवी-नववीची सात-आठ मुले-मुली पडवीत जमत. त्यांच्यासाठी मी एक खेळ नेला होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. या खेळाला पट लागतोच असे नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र तयार करतो, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो आणि काय घडले याचा निर्णय फाशांवर होतो. मी नेलेले नियम २०१४ सालच्या आवृत्तीचे होते. त्यांचा गाभा २०२३ साली मुक्त परवान्याखाली खुला झाला आहे. कोणत्याही शिक्षकाला तो विनामूल्य वापरता येतो.

वीस बाजूंचा फासा आमच्याजवळ नव्हता. मुलांनी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून एका डब्यात टाकल्या. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, हे मात्र दोनदा सांगावे लागले. नाहीतर विसाची चिठ्ठी एकदा बाहेर पडली की पुढचा खेळ वेगळ्याच संभाव्यतेचा होतो. तसे पाहिले तर पहिला पाठ येथेच झाला.

नववीतल्या एका मुलाने सगळ्यांच्या पुढे उभा राहून वार झेलणारा लढवय्या तयार करायचे ठरवले. हा गडी पडता कामा नये, एवढी एकच त्याची अट होती. हे पात्र घडवताना काय कळते आणि काय निसटते, हा या लेखाचा विषय आहे. खेळ शिक्षकांनी वापरावा असाच आहे. पण त्यातल्या एका उणिवेकडे डोळसपणे पाहिले तरच तो वापरण्याचा खरा फायदा आहे.

खेळात संरक्षणाचे दोन आकडे असतात. पहिल्याला आपण चिलखत-अंक म्हणू. शत्रूने काढलेल्या चिठ्ठीत त्याचे कौशल्य मिळवायचे. बेरीज चिलखत-अंकाइतकी किंवा जास्त झाली तर वार लागला. दुसरा प्राण-अंक. लागलेल्या प्रत्येक वाराने तो कमी होतो आणि शून्यावर आला की पात्र कोसळते. आमच्या लढवय्याने साखळ्यांचे चिलखत घेतले (१६), ढाल घेतली (आणखी २) आणि बचावाची खास तालीम घेतली (आणखी १). चिलखत-अंक झाला १९ आणि प्राण-अंक १३.

शत्रू म्हणून गॉब्लिन नावाचे बुटके, चपळ प्राणी होते. त्यांचे कौशल्य ४. त्यांचा एक वार सरासरी साडेपाच अंकांचा, म्हणजे तेरा प्राण-अंकांचा गडी बहुधा तिसऱ्या वाराला पडतो. (विसाची चिठ्ठी आली तर वार जास्त जोराचा बसतो, तो भाग सोयीसाठी सोडून दिला आहे.) आता तीन वार लागायला शत्रूला सरासरी किती प्रयत्न करावे लागतील? वार लागण्याची शक्यता ‘श’ असेल तर उत्तर आहे ३ भागिले श. मुलांनी मांडलेला तक्ता असा :

चिलखत-अंक १० : शक्यता १५/२०, प्रयत्न ४
चिलखत-अंक ११ : शक्यता १४/२०, प्रयत्न ४.३
चिलखत-अंक १९ : शक्यता ६/२०, प्रयत्न १०
चिलखत-अंक २० : शक्यता ५/२०, प्रयत्न १२
चिलखत-अंक २३ : शक्यता २/२०, प्रयत्न ३०
चिलखत-अंक २४ : शक्यता १/२०, प्रयत्न ६०

दहाचे अकरा केले तर जेमतेम पाव प्रयत्नाचा फायदा. एकोणिसाचे वीस केले तर दोन प्रयत्नांचा. तेविसाचे चोवीस केले तर आयुष्य दुप्पट! वाढ प्रत्येक वेळी एकाचीच, पण फळ वेगवेगळे. शक्यता सारख्या पायऱ्यांनी उतरते, पण तिचा व्यस्त तसा चढत नाही. तो शेवटी शेवटी उसळी घेतो. व्यस्त प्रमाणाचा आलेख फळ्यावर काढून जे गळी उतरत नाही, ते येथे मुलांना पाच मिनिटांत समजले, कारण त्यांचा गडी त्यावर जगणार होता. चोवीसच्या पुढे मात्र फायदा थांबतो. विसाची चिठ्ठी आली की वार लागलाच, असा नियम आहे. पूर्ण अभेद्य कोणी नाही. एवढ्यासाठी तरी हे नियम करणाऱ्यांना शाबासकी द्यायला हवी.

आता उणीव. तिसऱ्या दिवशी सूत्रधाराचे काम आठवीतल्या एका मुलीकडे होते. लढवय्या सर्वांत पुढे उभा. मागे तीन सोबती. त्यांतला मांत्रिक चिलखत-अंक १२ आणि प्राण-अंक ८ असलेला. समोरून चार गॉब्लिन आले. मुलीने नियम नीट वाचले होते. शत्रू आपल्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडू लागला तर त्याच्यावर एक वार करता येतो, तोही एका फेरीत एकदाच. गॉब्लिनांना तर निसटून जाण्याची कला अवगत असल्याने तेवढाही वार करता येत नाही. तिने चारही गॉब्लिन लढवय्याच्या बाजूने मागे नेले. मांत्रिकावर वार लागण्याची शक्यता ६५ टक्के; तो पहिल्याच फेरीत पडला. पुढच्या काही फेऱ्यांत उरलेले दोघेही पडले. लढवय्याचा प्राण-अंक तेरापैकी तेरा.

मुलगा चिडला. “ते मला का मारत नाहीत?” तिने शांतपणे विचारले, “का मारावं? तू तर पडतच नाहीस.”

मला वाटते, या खेळातल्या राखणदार पात्रावरची सर्वांत नेमकी टीका तीच आहे. चिलखत आणि प्राण हे दोन्ही आकडे पात्र किती टिकेल ते सांगतात. ते दुसऱ्याला किती राखील, याचा त्यांत मागमूस नाही. जितके चिलखत जास्त, तितके शहाण्या शत्रूला त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याचे कारण जास्त. कबड्डीत कोपऱ्यातला गडी स्वतः बाद न होता उभा राहिला आणि चढाई करणारा बाकीच्या तिघांना टिपून परत गेला, तर त्या कोपऱ्याला कोणी शाबासकी देत नाही. पण पात्राच्या कागदावर मोठ्या चौकटीत लिहिले जातात ते हेच दोन आकडे, आणि पात्र घडवणारे तेच वाढवण्याच्या मागे लागतात.

मग राखण कशाने होते? त्या संध्याकाळी आम्ही घोडखिंडीची गोष्ट काढली. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, आणि पाठलागावरची फौज बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंडीत रोखून धरली. बाजीप्रभू तेथे पडले. महाराज गडावर पोहोचले. खेळाच्या हिशेबात प्राण-अंक शून्य, म्हणजे पात्र हरले. इतिहासाच्या हिशेबात काम फत्ते झाले, कारण मिळवायचा होता तो वेळ. आणि तो मिळाला खिंडीमुळे : तेथे शत्रूला बाजूने निघून जाता येत नव्हते आणि सगळ्यांना एकदम भिडताही येत नव्हते.

याचाही हिशेब होतो. उघड्या मैदानात चौघे मिळून एका फेरीत चार वार करतात. एकोणीस चिलखत-अंकाचा गडी दहा वारांना, म्हणजे सरासरी अडीच फेऱ्यांत पडेल. दोघेच भिडू शकतील अशा अरुंद वाटेत तोच गडी पाच फेऱ्या टिकेल. मैदानात तेवढे टिकायचे तर प्रयत्न वीस व्हायला हवेत. शक्यता ३/२०, म्हणजे चिलखत-अंक २२ लागेल. म्हणजे खिंड तीन अंकांच्या चिलखताइतकी. शिवाय चिलखत एकालाच राखते. खिंड मागच्या सगळ्यांना राखते. धारूरच्या किल्ल्यावर सहलीला जाऊन आलेल्या मुलांना दरवाजा आणि खंदक कशासाठी असतात, ते त्या दिवशी नव्याने सांगावे लागले नाही.

दुसरी उणीव प्राण-अंकाची. तेरापैकी एकच अंक उरलेला लढवय्या तेरा अंक असलेल्याइतकाच जोराने लढतो. हे कोठून आले? आर्नेसन यांनी ही कल्पना जहाजांच्या लढाईच्या खेळांतून घेतली. जहाजाला चार भोके पडली तरी बुडेपर्यंत तोफा चालू राहू शकतात. तेथे हे प्रतिमान बरे चालते. माणसाचे शरीर तसे नाही. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. रक्तदानात ३५० किंवा ४५० मिलिलिटर दिले तरी आपण थोड्या विश्रांतीनंतर चालत घरी येतो. साधारण १५ टक्क्यांपर्यंतची हानी शरीर फारसे कळू न देता भरून काढते. त्यापुढे नाडी वेगाने चालू लागते, ३० टक्क्यांच्या पुढे रक्तदाब घसरतो आणि माणूस गोंधळतो, ४० टक्क्यांच्या पुढे जीव जाण्याची वेळ येते. म्हणजे ‘सुरुवातीला फरक नाही’ एवढे खेळाचे बरोबर. मधली घसरण त्याने गाळली आहे. हे अंक म्हणजे निव्वळ रक्तमांस नव्हे, त्यात जिद्द आणि नशीबही धरले आहे, असा खुलासा नियमांत आहे. तो प्रामाणिक आहे. पण ज्या आकड्यात सगळेच मावते, तो आकडा नेमके काय मोजतो ते कोणालाच सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, खेळच आहे तो, एवढे कशाला मनावर घ्यायचे? मनावर घ्यायचे ते खेळासाठी नव्हे. प्रयोगशाळेत माझा बराचसा वेळ प्रतिमाने बनवण्यात आणि मोडण्यात जातो. सर्वांत जास्त फसवतात ती गणिताने बरोबर असलेली, पण भलतीच गोष्ट मोजणारी प्रतिमाने. त्या मुलाच्या कागदावर एकही बेरीज चुकलेली नव्हती. आपणही वर्गात हेच करतो. गुण मोजता येतात म्हणून गुण वाढवतो, आणि ज्यासाठी ते मोजायला घेतले ती गोष्ट बाजूने निघून जाते. गॉब्लिनांसारखी, एकही वार न होता.

चौथ्या दिवशी त्या मुलाने पात्र बदलले. स्वतःच्या बचावाची तालीम सोडून त्याने शेजाऱ्याला ढालीआड घेण्याची तालीम घेतली. नियमांत तीही आहे, फक्त ती निवडायला मोठ्या चौकटीतला आकडा एकाने कमी करावा लागतो. चिलखत-अंक १९ चा १८ झाला, प्रयत्न १० वरून सुमारे साडेआठवर आले. बदल्यात लगतच्या सोबत्यावर होणाऱ्या वारांपैकी फेरीतल्या एका वारासाठी शत्रूला दोन चिठ्ठ्या काढून लहान आकडा धरावा लागतो. मांत्रिकाला वार लागण्याची शक्यता ०.६५ होती, आता तिचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.४२. स्वतःचे दीड वाराचे आयुष्य देऊन त्याने हे विकत घेतले आणि पडवीच्या दारात जाऊन उभा राहिला, दोनच गॉब्लिन भिडतील असा. त्या दिवशी त्याचा गडी चौथ्या फेरीत पडला. मागचे तिघे वाचले.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते ते एवढेच. हा खेळ वर्गात जरूर घ्या. दोन तासांचे काम आहे आणि खर्च चिठ्ठ्यांच्या कागदाचा. पहिल्या तासाला वरचा तक्ता मुलांकडून करवून घ्या. दुसऱ्या तासाला सूत्रधार म्हणून वर्गातली सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी मुलगी किंवा मुलगा निवडा, आणि शत्रूला शहाणपणाने खेळू द्या. तक्ता बरोबर असूनही डाव का हरला, हे मुलांनाच शोधू द्या. उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नका. ती मी पहिल्या दिवशी केली होती, आणि कोणाच्याही ते लक्षात राहिले नव्हते.